फाशी सुनावलेल्या विद्यार्थ्याला पत्रात काय लिहू?

डिचोलीची बाई
मी निवृत्त शिक्षिका. पहिलीला माझ्या वर्गात असलेला एक मुलगा आज येरवड्यात आहे. सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. त्याने केलं ते भयंकरच, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्याचा हात धरून मी 'ग' गिरवून घेतला होता. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसते, 'चिरंजीव' लिहिते आणि तिथेच अडते. हा शब्द त्याला कसा लिहायचा?

मडगावकर वकील
बाई, उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती शिक्षा अमलात येत नाही. मग सर्वोच्च न्यायालय, मग दयेचा अर्ज. यात वर्षं जातात. अर्ज फेटाळला तरी फाशीआधी किमान १४ दिवस द्यावे लागतात, हे २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात आहे. तुरुंगात पत्रं उघडून वाचतात, तेव्हा खटल्याबद्दल एक ओळही नको.

फोंड्याची ताई
बाई, मी नऊ वर्षं टेक्सासमधल्या एका कैद्याला लिहीत होते. लाइफलाइन्स ही १९८८ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली संस्था अमेरिकेतल्या मृत्युदंडाच्या कैद्यांशी पत्रमैत्री जुळवून देते. स्विंडनला असलेल्या मावसबहिणीकडून मला ते कळलं.

पहिल्या पत्रात मी 'देव पाठीशी आहे', 'धीर सोडू नका' असलंच सगळं भरलं. उत्तर आलं चार ओळींचं. दुसऱ्या पत्रात चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं टांगून बांधतो ती चौकट, लिहिली. कवंडळं कुठल्या रानातून आणली, आंबाडे, सुपारीचा घोस, सुंभाची गाठ मारताना बाबांचा हात कसा थरथरत होता ते. अकरा पानी उत्तर! कवंडळ आतून कसं दिसतं? गाठ मग कोणी मारली? शेवटच्या पानावर त्याने माटोळीचं चित्र काढलं होतं, न बघता, एकेक फळ लोंबतं. दिवसाचे २२-२३ तास तो कोठडीत एकटा असे.

पुढे आईच्या आजारपणात तीन महिने माझं लिहिणं राहिलं. त्याचं पत्र आलं, 'माझं काही चुकलं का?' ते वाचून मी चुलीपुढे उभ्याउभ्या रडले. बाई, थोडं लिहा, पण खंड पाडू नका. आणि त्याला काहीतरी विचारा. कोर्ट सुटल्यापासून त्याला कुणी काही विचारलं नसेल.

सत्तरीकर
ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना कुणी पत्र लिहिलं का?

डिचोलीची बाई
सत्तरीकर, नाही लिहिलं. तुम्ही विचारलंत ते खरं आहे. त्या माउलीला काय लिहावं, मला अजून सुचत नाही, पण लिहीन.

ताई, आज त्याचं पत्र पोस्टात टाकलं. शाळेमागच्या विहिरीला आता जाळी बसवली, हे कळवलं. विहिरीकडे वाकलेल्या पेरूवर तुम्ही पोरं कुठून चढायचात, ते विचारलं. वर 'चिरंजीव' तसंच ठेवलं.