जागलीला जाताना सोबत काय काय न्यावं?

तुरीवाला_सेलू: राम राम मंडळी. तुरी भरत आल्यात, हरभरा फुलात आलाय अन् रात्री रानडुकरं यायलेत. यंदापासून जागल (रात्रीची राखण) माझ्याकडं आलीय, आखाडा (शेतातलं खोपट) लांब आहे, सोबत काय काय ठेवायचं सांगा.

आखाड्यावरचा: बॅटरी दोन ठेव, एक डोक्याला बांधायची म्हणजे हात मोकळे राहतात. काठी, गोफण, पत्र्याचा डबा वाजवायला, घोंगडं, भाकर-ठेचा अन् पाणी जास्तीचं. मोबाईल पूर्ण चार्ज करूनच निघ अन् गाणे लावून बसू नको, तुरीत सळसळ झाली की कानाला कळली पाहिजे. पिलंवाली डुकरीण दिसली तर तिच्या वाटंत उभं राहू नको भाऊ, सरळ अंगावर येती.

माळकरी_जिंतूर: गमबूट राहिले की! थंडीतबी घोणस निघती, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकला की जागीच थांबायचं अन् बॅटरी मारून बघायचं. चावलीच तर आवळून बांधणं, ब्लेड मारणं काही करू नका, पाय हलवू न देता १०८ ला फोन लावा अन् थेट सरकारी दवाखाना, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं.

गोदाकाठ: अन् कुंपणात करंट सोडायचं डोक्यातबी आणू नका, पहाटं पाणी द्यायला आलेला आपलाच माणूस त्यात जातो. फासे, गावठी बॉम्बबी नकोत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय शिकार गुन्हा आहे. नुकसान झालं तर सकाळीच फोटो काढा अन् वनरक्षकाकडं भरपाईचा अर्ज द्या.

तुरीवाला_सेलू: गमबूट उद्याच्या बाजारातून आणतो. गोफण आज्याची आहे घरात.