पाटीवर नावं कुणाची?

मंडळी, नमस्कार.

इथे अमेरिकेत गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे कोल्हापूरला, आमच्या मंगळवार पेठेतल्या वाचनालयाच्या कपाटांसाठी द्यायचं ठरलं. फार बरं वाटलं. पण दादांनी पाटीचा जो मजकूर पाठवलाय त्यात संस्थापक म्हणून पाच नावं, पाचही पुरुष. माझी आत्या कुठाय त्यात?

मी शाळेत होते तेव्हा. एका महिन्याची भिशी कुणीच उचलायची नाही, त्या पैशांत दिवाळी अंक आणायचे, असं गल्लीतल्या बायकांनी ठरवलं. अंक आमच्या सोप्यात, पत्र्याच्या ट्रंकेत. दुपारची भांडी झाली की आत्या पिशवी काखोटीला मारायची. "अंक बदलून येतो गं!" (हो, येतो. आमच्याकडे बायका असंच बोलतात, पुण्याच्या वहिनींनी हसू नये.) वहीत कुणाचं पूर्ण नाव नाही. 'गिरणीवाल्या', 'तालमीमागच्या', पुढे अंक आणि तारीख. पानांवर हळदीची बोटं. ह्याच ट्रंकेचं पुढे वाचनालय झालं.

--

ताई, राग मानू नका. नोंदणीच्या कागदावर जी नावं आहेत तीच मी उतरवली. अनुदान हवं तर शासनमान्यता लागते, आणि मान्यता कागद बघून मिळते. शिवाय आपल्या गावाला ह्या कागदांचा अभिमान हवा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. मद्रासचासुद्धा १९४८ चा, आणि महाराष्ट्राचा तर १९६७ चा!

--

दादा, पहिला नंबर आपला, कबूल. पण महाराष्ट्राच्या त्या कायद्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर नाही. म्हणजे अनुदान येईपर्यंत वर्गणीवरच भागवायचं. ती मागत दारोदार कोण फिरलं? नोंदणीची वेळ आली तेव्हा सह्यांना कर्ती माणसं हवीत म्हणून काका मंडळींना बोलावलं. त्यांनी सह्या केल्या, चहा घेतला आणि गेले.

इथे अमेरिकेत तरी काय वेगळं? पोलादाच्या धंद्यातला धनाढ्य अँड्र्यू कार्नेगी, त्याच्या पैशातून सोळाशेहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयांच्या इमारती झाल्या. अट अशी, की जागा गावानं द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी चालवायला खर्चायची. त्यासाठी गावाला राजी करायला बायकांचे क्लब झटले. कितीतरी गावांत तर त्यांनीच आधी पुस्तकं गोळा करून भाड्याच्या खोलीत वाचनालय मांडलेलं. अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं १९३३ साली देशातल्या पंचाहत्तर टक्के सार्वजनिक ग्रंथालयांच्या सुरुवातीचं श्रेय ह्या क्लबांना दिलं. दारावर नाव मात्र पुष्कळ ठिकाणी कार्नेगीचं. क्लबांच्या जुन्या याद्या बघाल तर त्यातही 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं नाव. आमच्या 'गिरणीवाल्या' निदान स्वतःच्या गिरणीवर बसायच्या.

--

ताई, हरलो. वही शिल्लक आहे का? असेल तर फोटो पाठवा. पाटी सोमवारी रंगवायला जाणार आहे.

--

दादा, वही चुलतभावाकडे सापडली, फोटो सोबत जोडलाय. पहिल्या पानावर भिशीच्या सातजणी आहेत, त्यात दोघी नुसत्या 'वैनी'. त्यांची नावं गल्लीत विचारून कळवते. तोवर पाटीवाल्याला थांबवा, आणि पाटी जरा मोठी सांगा. काकांची पाच नावंही राहू देत, खाली.