लोहगाव-श्रीनगरच्या विमानात शेड खाली: देखावा की गरज?

लोहगावकर
सकाळपासून एक पोस्ट फिरतेय: "उपग्रहातून सगळं दिसतंच, मग पुणे-श्रीनगरच्या विमानात खिडक्यांच्या शेड खाली कशाला? नुसता देखावा." वाचून डोकं फिरलं. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मे 2025 च्या आदेशात काय होतं? संरक्षण दलांच्या विमानतळांवर (पुण्याचं लोहगाव आणि श्रीनगर त्यातलेच) टेकऑफनंतर 10,000 फूट ओलांडेपर्यंत आणि उतरताना त्याखाली आल्यावर शेड बंद, आपत्कालीन दारांच्या रांगा वगळून. फोटोबंदी आहेच.

उपग्रह वरून बघतो. त्याला ब्लास्ट पेनचं, म्हणजे लढाऊ विमानांच्या भक्कम निवाऱ्याचं, छप्पर दिसतं, खाली काय उभं आहे ते नाही. टॅक्सी करणाऱ्या, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जाणाऱ्या, विमानातून नजर आडवी जाते, उघड्या तोंडातून थेट आत. लढाऊ विमानाच्या अंगावरचा क्रमांक, पंखाखाली काय लावलंय, सगळं. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढग आडवे येतात. फोनच्या फोटोला मात्र सेकंदापर्यंतची वेळ आणि लोकेशन चिकटलेलं असतं, आणि बॅगा यायच्या आत रील चढलेली असते.

उजवी खिडकी
जमिनीवरचं मान्य. पण 10,000 फूट कशाला? हिशोब करा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा पिक्सेल साधारण 1 मायक्रॉन, भिंगाची फोकल लांबी 6 मिमी. 3,000 मीटरवरून एका पिक्सेलमध्ये अर्धा मीटर जमीन मावते. तीही सरळ खाली बघितलं तर. खिडकीतून बघणं तिरकं, मध्ये ओरखडे पडलेलं ॲक्रिलिक. विकत मिळणारं उपग्रहचित्र पिक्सेलमागे 30 सेंमीचं असतं. 300 मीटरवर तोच पिक्सेल 5 सेंमीवर येतो. बंदी तिथे हवी. 3,000 फूट पुरे.

लोहगावकर
फोनचं टेलिफोटो, दूरचं जवळ आणणारं भिंग विसरलात. फोकल लांबी 15 मिमी धरा, तुमचा अर्धा मीटर 20 सेंमीवर आला.

लेहवारी
दोघंही थांबा. लेहचा विमानतळच 10,682 फुटांवर आहे. समुद्रसपाटीपासून मोजलं तर तिथे विमान जमिनीवर उभं असतानाच मर्यादेच्या वर! श्रीनगर 5,400, पुणे 1,900. 'जमिनीपासून' हा एक शब्द नेमका लिहायला काय हरकत होती?

लोहगावकर
तो शब्द हवा होता, बरोबर. म्हणून आदेशच फालतू ठरत नाही.

जंपसीट
आकडे पुरे. टेकऑफ-लँडिंगला शेड उघड्या ठेवतात त्या हौसेखातर नाही. इंजिनला आग लागली, पंखाखालून इंधन गळालं, तर ते आधी पंखामागच्या रांगांतल्या प्रवाशांना दिसतं. कुठल्या बाजूचं दार उघडायचं नाही, हे त्यावरून ठरतं. रात्री दिवे मंद करतात तेही डोळे बाहेरच्या अंधाराला सरावलेले असावेत म्हणून. सगळं विमान 90 सेकंदांत रिकामं करता यायला हवं, हा विमानाला मान्यता देतानाचा (प्रमाणनाचा) नियम. आणि तुम्ही दोन रांगा सोडून सगळ्यांचे डोळे बांधताय.

लोहगावकर
म्हणूनच तर त्या रांगा वगळल्यात. दारावरच्या छोट्या खिडकीतून क्रूला बाहेर दिसतंच की.

जंपसीट
दारापुरतं दिसतं! पंखाची मागची कड दिसत नाही. सुरक्षेचं नाव घेऊन सुरक्षाच कापू नका.

उजवी खिडकी
एक कायद्याचं. 1937 च्या विमान नियमावलीतला नियम 13 उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो घेऊ देत नव्हता. 2004 च्या परिपत्रकाने प्रवाशांना विमानाच्या आतून मोकळीक दिली, 2020 मध्ये डीजीसीएने तीच पुन्हा स्पष्ट केली. वीस वर्षं चालतंय म्हटल्यावर एका घोषणेने लोक फोन खाली ठेवतील?

लोहगावकर
घोषणेने ठेवत नाहीत, म्हणून तर शेड. बरं, जंपसीट यांचं आगीचं म्हणणं मी खोडत नाही. टॅक्सी करताना शेड बंद, धावपट्टीवर वळल्यावर उघडा, फोन मात्र खिशात. चालेल?

जंपसीट
शेडपुरतं चालेल. फोनचं कोण बघणार? तोवर क्रू बेल्ट लावून बसलेला, उठता येत नाही. आणि 10,000 च्या खाली असल्या कारणासाठी कॉकपिटला फोन लावायलाही मनाई.