मदत हवी आहे: लेकीची टीव्हीवरची बेकिंग स्पर्धा, आणि दीड तासात केक काही होत नाही

अर्धाचमचा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. पाककृती विभागात टाकावा तर विषय पालकत्वाकडे जातो आणि पालकत्वात टाकावा तर केकमध्ये अडकतो. चुकीच्या जागी पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मुलगी अकरा वर्षांची आहे. तीन वर्षांपासून बेकिंगचं वेड. मुलांच्या बेकिंगच्या एका टीव्ही स्पर्धेसाठी तिने हट्टाने व्हिडिओ पाठवायला लावला. निवड होईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं (ती सोडून). झाली! शूटिंगला पाच आठवडे आहेत. पहिल्या फेरीत ९० मिनिटांत किमान दोन थरांचा सजवलेला केक करायचाय, पाककृती स्वतःची. मापं लिहिलेला कागद जवळ ठेवता येतो. आईवडील दुसऱ्या खोलीत.

अडचण अशी की सुट्टीच्या दिवशी निवांत केलेला तिचा केक खरंच छान होतो, बाप म्हणून सांगत नाहीये. पण घड्याळ लावलं की सगळं बिनसतं. पहिला सराव २ तास १० मिनिटं. दुसरा १ तास ५० मिनिटं. तिसऱ्यांदा काही झालं तरी ९० मिनिटांत संपवायचंच असं तिने ठरवलं आणि संपवलंही, पण बटरक्रीम लावलं ते गरम केकवर. वरचा थर हळूहळू, अगदी ऐटीत, घसरत ताटात उतरला. मग ती अर्धा तास बाथरूमचं दार लावून बसली.

तर वेळ नेमका कुठे वाचवायचा? तिथला ओव्हन वेगळा असणार, त्याची तयारी कशी करायची? आणि कॅमेऱ्यासमोर रडू आलं किंवा पहिल्याच फेरीत बाहेर पडली तर काय, हे आधी बोलावं की विषयच काढू नये?

मी सरावात मदत करत नाही हे आधीच सांगतो. नुसता बाजूला उभा असतो.

कोकोकण:
अभिनंदन! केक कसला, टिन केवढा, तापमान किती? हे कळल्याशिवाय इथले सगळे वैद्य नाडी न बघता औषध देतील.

अर्धाचमचा:
साधा व्हॅनिला स्पंज. ३ अंडी, बटर, साखर, मैदा प्रत्येकी १७५ ग्रॅम, बेकिंग पावडर दीड टीस्पून, थोडं दूध. २० सेंमीचा एकच खोल टिन, १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. मग आडवा कापून दोन थर. वर बटरक्रीम.

भट्टीवाली:
घोडं पेंड खातंय ते टिनपाशी. पाककृतीला हात लावू नका, टिन बदला.

खोल टिनमध्ये मधला भाग शिजेपर्यंत ४५ मिनिटं जातात आणि तेवढाच वेळ, किंबहुना जास्तच, तो गार व्हायला लागतो. घरी हे लक्षात येत नाही कारण मधल्या वेळात आपण चहा पितो. स्पर्धेत वेळ खातं ते हे गार होणं. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी सैल पडायला लागतं. केक हाताला नुसता कोमट लागला तरी क्रीम घसरणार. तिचा हात चुकला नाही, थर घसरणारच होता.

हेच मिश्रण ३३ बाय २३ सेंमीच्या चपट्या ट्रेमध्ये, खाली बटर पेपर घालून ओता. १८० वरच साधारण १८ ते २० मिनिटांत होईल. कडा सुटल्या आणि बोटाने दाबल्यावर परत वर आला की बाहेर. पाच मिनिटांनी जाळीवर उलटा करायचा, कागद सोलायचा, आणि जाळीसकट फ्रीजमध्ये. ट्रेमध्येच ठेवला तर खालून वाफ धरतो आणि गार व्हायलाही वेळ लावतो. गार झाला की वरून सुरी चालवून तीन पट्ट्या कापायच्या आणि एकावर एक. दोन थर मागितलेत, तीन मिळाले, आणि केक आडवा कापताना वाकडा जायची भीतीही गेली.

आता घड्याळ उलटं मोजा. ८५व्या मिनिटाला हात वर, शेवटची पाच मिनिटं राखीव. सजावटीला ३० मिनिटं हवीत, म्हणजे ५५व्या मिनिटाला केक पूर्ण गार हवा. त्यासाठी ४०व्या मिनिटाला बाहेर, त्यासाठी २०व्या मिनिटाला आत. म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत मिश्रण तयार, आणि ओव्हन तर पहिल्याच मिनिटाला चालू. मिश्रणाला हात लावायच्या आधी. केक आत असताना बटरक्रीम फेटून पायपिंग बॅगेत (क्रीम पिळायच्या पिशवीत) भरून ठेवायचं. ओव्हनच्या काचेसमोर मांडी घालून बसायचं नाही. मुलं बसतातच, आणि कॅमेरावाल्यांना ते फार आवडतं.

कोकोकण:
ट्रेच्या कल्पनेला +१. भर एवढीच की सगळं वजनावर करायची सवय लावा. कप वापरत असेल तर सोडवा. एक कप मैदा कुणी अलगद भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. घाईत मूल दाबूनच भरतं. वजनकाटा असेल तर एकाच भांड्यात एकेक जिन्नस घालून दर वेळी शून्य करत जायचं, भांडीही कमी लागतात.

शंकेखोर:
मी वेगळंच विचारतो. अकरा वर्षांच्या पोरीला कॅमेऱ्यासमोर रडवायचं कशाला? केक घरात होतोय, घरात खाल्ला जातोय, चांगलं चाललंय की. या कार्यक्रमांना मुलांचे अश्रूच हवे असतात.

रात्रीचाप्रेक्षक:
शंकेखोर, सरसकट तसं म्हणता येत नाही. मी हे कार्यक्रम रात्री जागून बघणारा माणूस, त्यामुळे थोडा अधिकाराने बोलतो. 'ज्युनिअर बेक ऑफ' ब्रिटनमध्ये २०११ला मुलांच्या वाहिनीवर, सीबीबीसीवर, सुरू झालं आणि २०१९पासून चॅनल फोरवर आहे. तिथे परीक्षक केकचे दोष सांगतात, पण मुलाला कमी लेखून नाही. २०१३ला अमेरिकेत सुरू झालेल्या मास्टरशेफ ज्युनिअरमध्ये तर मोठ्यांवर खेकसण्यासाठी प्रसिद्ध असलेला शेफ गॉर्डन रामसे मुलांसमोर एकदम मवाळ होतो. तिथे बहुतेक वेळा दोन मुलं एकदम बाहेर पडतात. स्टुडिओतून एकट्याने चालत जाणं आणि कुणाचा तरी हात धरून जाणं यात त्या वयात खूप फरक आहे.

धागाकर्ते, तुमच्या स्पर्धेत बाहेर कसं काढतात ते आधी विचारून घ्या. आधीचे भाग उपलब्ध असतील तर तिच्यासोबत बघा, पण जिंकणाऱ्यांचे नको, बाहेर पडणाऱ्यांचे बघा.

शंकेखोर:
हात धरून बाहेर काढलं तरी बाहेरच काढलं ना. असो. माझं मत मांडलं, केकचं चालू द्या.

पडद्यामागे:
माझा भाचा अशाच एका स्पर्धेत होता (कुठली ते सांगत नाही, आणि तोही तिसऱ्याच भागात घरी आला). मी सोबत गेले होते, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहिते.

बेकिंगपेक्षा वाट बघणं जास्त असतं. दिवे लावतात, माइक अडकवतात, तोच दरवाजा चार वेळा उघडून आत यायला लावतात. खरं घड्याळ सुरू होईपर्यंत मूल अर्धं दमलेलं असतं. म्हणून सराव कधीतरी संध्याकाळी, शाळेतून आल्यावर, कंटाळलेली असताना घ्या. घड्याळ चालू असतानाही कुणीतरी येऊन विचारतं, 'आता काय करतेयस? कसं वाटतंय?' भाचा उत्तर देताना हात थांबवायचा, आणि तिथेच त्याची मिनिटं गेली. घरी आजी-आजोबांना हे काम द्या. मध्येच येऊन प्रश्न विचारायचे, तिने फेटता फेटता उत्तर द्यायचं. आजोबा मंडळींना याचा सरावही लागत नाही.

दिव्यांमुळे ओट्यावर गरम होतं. बटरक्रीम घट्टसर ठेवायचं, हातात पायपिंग बॅग फार वेळ धरायची नाही. साखरेचा पाक, कॅरॅमल असलं काही सजावटीत असेल तर काढून टाका. कॅरॅमल १६० अंशांच्या पुढे जातं, चिकटलं की निघत नाही. तिथे मोठं माणूस लक्ष ठेवायला असतं, पण त्याची वाट बघण्यात वेळ जातो.

आता एक खोचक प्रश्न, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की तुम्ही नुसते बाजूला उभे असता. टिनला बटर कोण लावतं? भाच्याच्या वेळी हा प्रश्न मला तिथे पोचल्यावर पडला होता.

अर्धाचमचा:
टिनला बटर मी लावतो. पण ते काय, मिनिटभराचं काम.

पडद्यामागे:
आणि ओव्हन कोण लावतं?

अर्धाचमचा:
थांबा, बघून सांगतो.

अर्धाचमचा:
परत आलो. दुसऱ्या सरावाचा व्हिडिओ फोनवर होता, तो परत बघितला, या वेळी तिच्याकडे न बघता माझ्याकडे. लाज वाटली. ओव्हन मी लावला. बटर पेपर मी कापला. अंड्यांची टरफलं मी उचलली, भांडं रिकामं झालं की मी सिंकमध्ये नेलं आणि धुऊन पुसून परत आणून ठेवलं. ओटा तीनदा पुसला. बीटरची पाती मी काढली, मी बसवली. 'झाला असेल बघ' असं म्हणून टूथपिक मी हातात दिली. गरम टिन मी बाहेर काढला, तिने आजवर एकदाही काढलेला नाही. चौदा गोष्टी मोजल्या, मग मोजायचं सोडलं. आणि हे सगळं धरून १ तास ५० मिनिटं!

म्हणजे तिथे एकटी असताना दोन तासांच्याही पुढे जाईल. आता खरंच घाबरलोय.

भट्टीवाली:
घाबरू नका, पाच आठवडे भरपूर आहेत. यात चांगली बाजू अशी की बेकिंग तिला येतं. येत नाही ती उठाठेव, आणि ती शिकायला सोपी. केकवेगळी शिकवा. एक दिवस केक करायचाच नाही. ओव्हन लावायचा, ट्रेला कागद बसवायचा, रिकामा ट्रे आत ठेवायचा, काढायचा, जाळीवर उलटा करायचा. दहा वेळा. आधी गार ओव्हनमध्ये, मग गरम. गरम असताना तुम्ही जवळ उभे राहा, पण हात पाठीमागे बांधून. ट्रे दोन्ही हातांनी धरायचा, आणि तो कुठे ठेवायचा ती जागा दार उघडायच्या आधी मोकळी हवी. बहुतेक भाजणं होतं ते ट्रे हातात घेऊन जागा शोधताना.

भांडी धुण्यात वेळ घालवू नका. दोन मोठी भांडी, एक मिश्रणाला, एक क्रीमला. बाकी सगळं ओट्याच्या एका कोपऱ्यात ढकलायचं. पसाऱ्याचे गुण कापतात का ते मात्र नियमांत बघा.

ओव्हनबद्दल: आत पंखा आहे का हे तिने सगळ्यात आधी विचारावं. असेल तर तापमान २० अंश कमी. घरच्या ओव्हनचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांतही फरक असतो, आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेऊन एकदा तपासा. आणि मिनिटं पाठ करू देऊ नका. अनोळखी ओव्हनमध्ये वास, रंग, सुटलेली कड हेच कामाला येतं. पहिली बारा मिनिटं दार उघडायचं नाही, मग बघायला हरकत नाही.

कोकोकण:
तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला कुणी नीट उत्तर दिलं नाही. माझं मत: बाहेर पडण्याबद्दल एकदाच, साध्या शब्दांत बोला आणि सोडून द्या. 'काही होत नाही गं' हे दहा वेळा म्हटलं की मुलांना कळतं काहीतरी होतंय. केक फसला तर परीक्षकांपुढे काय ठेवायचं हे मात्र तिच्याशी जरूर ठरवा. थर तुटला तर तुकडे करून ग्लासात क्रीमसोबत थरांनी भरायचं, हे एकदा करूनच बघा. हातात दुसरा रस्ता असला की रडू थोडं लांबतं.

अर्धाचमचा:
दोन आठवड्यांनी अपडेट. सगळ्यांचे आभार.

रिकाम्या ट्रेची कवायत तिला विनोदी वाटली, पण केली. पहिल्या एकटीच्या सरावात ती ओव्हन लावायलाच विसरली. मी दारात उभा होतो, जीभ चावून. विसाव्या मिनिटाला ट्रे घेऊन गेली आणि थंडगार ओव्हन. माझ्याकडे असं बघितलं की जणू वीज मीच घालवली. तो सराव ११५ मिनिटांचा झाला. पुढचा ९७. कालचा ८८, तीन थर, एकही घसरला नाही. सजावट वेडीवाकडी आहे, पण ती तिची आहे. आजोबा मधून मधून प्रश्न विचारतात, त्यातले निम्मे भलतेच असतात, ती न थांबता उत्तरं देते.

ग्लासाचा पर्यायही करून झाला. घरच्यांना केकपेक्षा तोच आवडला, हे तिला फारसं पटलेलं नाही.

एक अडचण उरली आहे. ओव्हनचे हातमोजे तिला कोपरापर्यंत येतात आणि आत बोटं सापडत नाहीत, ट्रे नीट पकडता येत नाही. दुमडलेलं फडकं चालेल का?

भट्टीवाली:
फडकं नको. ओलं झालं की उष्णता थेट आत येते, आणि घाईत टोक तापलेल्या सळईला लागतं. लहान हातांच्या मापाचे, पाच बोटांचे मोजे मिळतात, ते घ्या. आता घ्या म्हणजे तोवर सवय होईल. आणि स्वतःचे मोजे तिथे वापरता येतील का हे आयोजकांना लेखी विचारा.

अर्धाचमचा:
विचारलं, चालतील म्हणाले. मोजे आणलेत, घरात घालून फिरतेय.

पुढचं इथे लिहिता येणार नाही. कागदपत्रांवर सह्या करताना वाचलं, भाग दाखवला जाईपर्यंत निकाल कुणालाही सांगायचा नाही. तेव्हा शूटिंगनंतर मी इथे गप्प दिसलो तर त्यावरून काही अंदाज बांधू नका.