‘शुभ क्रौंच’ या सोंगकालीन चित्रात महाद्वाराचे केवळ छप्परच का दिसते?

प्रश्न:
चीनच्या सोंग घराण्यातील सम्राट हुईझोंग याच्या नावे असलेला ‘शुभ क्रौंच’ हा रेशमावर रंगवलेला पट मी सध्या मोठ्या छायाचित्रात बारकाईने पाहत आहे. मूळ पट शेनयांगच्या ल्याओनिंग प्रांतीय संग्रहालयात असून तो ५१ सेंटिमीटर उंच आणि सुमारे १३८ सेंटिमीटर लांब आहे. चित्रात एकूण वीस क्रौंच आहेत. अठरा आकाशात आणि दोन आढ्याच्या दोन टोकांवर. राजवाड्याच्या महाद्वाराचा खालचा भाग मात्र ढगांनी झाकला आहे. चित्रकाराने इमारत अशी का तोडली असावी? शिवाय चिनी निसर्गचित्रांत आकाश बहुधा कोरेच सोडतात, मग येथे ते निळे का?

प्रतिसाद १:
हे चित्र पटावरच शेजारी लिहिलेल्या लेखासह वाचावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. १११२ साली पहिल्या चांद्रमासातील पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळी, राजधानीच्या (आजच्या कैफेंगच्या) महाद्वारावर ढग उतरले, क्रौंच घिरट्या घालू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नगरवासीयांनी मस्तक नमवून ते दृश्य पाहिले, असे लेखात आहे. माणसे लेखात आहेत, म्हणून चित्रात त्यांची गरज उरलेली नाही. पाहणारा स्वतःच त्या गर्दीत उभा राहून मान वर करतो, आणि अशा वेळी नजरेला छप्परच दिसणार. आढ्याची आडवी रेघ पाहा. पट्टीच्या आधाराने इमारती रेखण्याच्या पद्धतीतली ती ताठ, मोजकी रेघ आहे, आणि तिच्यावर प्रत्येक पक्ष्याची मान व पंख वेगळ्या वळणाचे आहेत. एकाच्या शिस्तीमुळे दुसऱ्याची मोकळीक उठून दिसते.

प्रतिसाद २:
निळ्या रंगाचे कारण मला साधे वाटते. कोऱ्या रेशमाच्या पिवळसर छटेवर पांढरे पक्षी विरून गेले असते.
पक्षिनिरीक्षक म्हणून एक भर घालतो. लाल डोक्याच्या क्रौंचाचे मागचे बोट आखूड आणि वर चढलेले असते, त्यामुळे त्याला फांदी पकडून बसता येत नाही. तो पाणथळ जमिनीवर वावरणारा पक्षी आहे. असे पक्षी छपरावर उतरणे ही पाहणाऱ्यांना विलक्षण घटना वाटली असणार.

प्रतिसाद ३:
चित्र सम्राटाने स्वतः काढले की दरबारी चित्रकारांनी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढचा इतिहास ठाऊक असला की हे शुभचिन्ह पाहणे जड जाते: ११२७ मध्ये सोंगांच्या उत्तरेकडील शत्रू असलेल्या जिन सत्तेने, सिंहासन सोडलेल्या हुईझोंगला कैद करून उत्तरेकडे नेले आणि ११३५ मध्ये कैदेतच त्याचा अंत झाला.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. लेखाचा अनुवाद मिळवून वाचला. क्रौंच बराच वेळ थांबून शेवटी वायव्येकडे निघून गेले, असे त्यात आहे. चित्रात मात्र ते अजून आढ्यावरच घिरट्या घालत आहेत.