थंडीत रुसणाऱ्या जुन्या गाड्या: तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठ
आज पहाटे साडेपाचला खालच्या मजल्यावरचे काका स्कूटरला किका मारत होते. मोजल्या, चौदा. पंधराव्या किकेला 'फट्' झालं आणि परत शांतता. अंथरुणात पडल्या पडल्या हसलो आणि एकदम बाबा आठवले.

आमची स्कूटर ८९ ची, नंबर लावून मिळालेली, टू-स्ट्रोक. नाशिकची जानेवारीतली सकाळ म्हणजे बाबांचा विधी ठरलेला. पेट्रोलचा नळ उघडायचा, चोक ओढायचा, गाडी इंजिनाच्या बाजूला तिरकी करून धरायची, मनात दहा म्हणायचे, सरळ करून किक. तरी नाही झाली तर ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा आणि वर येऊन आईच्या गॅसवर तापवायचा. आई म्हणणार, "आधी पोळ्या होऊ द्या." मग चिमट्यात गरम प्लग धरून मी दोन जिने पळत खाली. तोवर बाबा फडक्याने प्लगची वायर, तिची टोपी सगळं पुसून तयार. प्लग लावला की एक-दोन किकेत गाडी चालू! त्यामुळे दोष प्लगचाच, ही घरात सगळ्यांची खात्री. सहा-सात तरी प्लग बदलले असतील.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी काहीच न उघडता सांगितलं, रात्री बोळात आणा आणि दिवा घालवा. अंधारात बाबांनी किक मारली तर टोपीपाशी वायरवरून निळी ठिणगी सरपटताना दिसली. रबर तडकलं होतं. रात्री दव बसलं की करंट प्लगपर्यंत जायचाच नाही, मधूनच बॉडीला उतरायचा. म्हणजे इतकी वर्षं गुण होता फडक्याचा आणि मान मिळत होता प्लगला. बाबांनी मात्र नवी वायर टाकल्यावरसुद्धा गाडी तिरकी करणं सोडलं नाही.

तुमच्याकडे काय काय चालायचं?

बागाईतदार_निफाड
इथे पारा ५ च्या खाली गेला की द्राक्षबागेत शेकोट्या करायला पहाटे उठावंच लागतं, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर बसतो. आमचा उपाय एकच, रात्री उताराला लावायचा. चाकाखालचा दगड काढला, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की धडधड सुरू. उतार नसेल तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि साखळी. निदान वगैरे कोण करतंय, मणी तडकतात तोवर.

चिवचिव
तिरकी करायचं कारण काय पण?? आमचे पप्पा पण करायचे

पाना_दहा_बारा
@चिवचिव तिरकी केली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल जरा जास्त आत उतरतं. थोडक्यात फुकटचा चोक. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून जास्त पेट्रोल लागतं. पण दोनदा केलं की ओव्हर होतं, प्लग ओला. मग चोक बंद, नळ बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किका मारत बसा.

डिझेलवाल्यांसाठी: धूर बघा. सेल (सेल्फ-स्टार्टर) मारताना पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही. धूरच नाही तर डिझेल पोचतच नाही, मग लाइनमध्ये हवा शोधा. आमच्या जुन्या जीपला पांढरा यायचा, सुरू झाली तरी पहिला मिनिटभर अंगात आल्यासारखी हलायची. हीटर प्लगच्या (थंडीत डिझेल पेटावं म्हणून आत तापणारे प्लग) वायरी सोडवल्या, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावलं. चारपैकी एकावरच दिवा लागला. तीन मेलेले! आणि मी दोन हिवाळे बॅटरीला शिव्या घालत होतो.

सुमाकाकू
माझी मोपेड होती. नाही सुरू झाली तर पेडल मारत बँकेपर्यंत जायचे. थंडी पळून जायची, गाडीची नाही, माझी. बाकी तुमचं ते करंट वगैरे कळलं नाही पण गॅसवर प्लग वाचून फार हसले. आमच्याकडे पोळीच्या तव्यावर ठेवलेला एकदा.

एडमंटनकर
इकडे उणे तीसला गाडीलाच रात्री प्लगात लावून झोपवतो. इंजिनात ब्लॉक हीटर असतो, समोरच्या जाळीतून वायर लोंबत असते. पार्किंगमध्ये खांबांवर सॉकेट. नवीन असताना वायर न काढता ऑफिसला निघालो, एक्स्टेन्शनची वायर शेपटीसारखी फरफटत मागे. जुन्या गाडीत इंजिन ऑइल जाड, २० डब्ल्यू ५० होतं, सकाळी काकवी झालेली. पातळ तेल टाकल्यावर निम्मा प्रश्न सुटला.

किक_खाल्लेला
उलटी किक बसली कुणाला? माझा घोटा अजून हवामान सांगतो

निवृत्त_हवालदार
लेहला होतो. तिथे डिझेलच घट्ट व्हायचं, मेण सुटून फिल्टर चोक. घासलेट मिसळायचो, रात्रीतून उठून इंजिन चालवून ठेवायचो. टाकीखाली शेगडी ठेवणारे महाभागही पाहिले, तुम्ही करू नका. आता सोय झाली आहे, इंडियन ऑइलने २०१९ ला उणे ३३ ला चालणारं डिझेल आणलं.

गोदाकाठ
@निवृत्त_हवालदार सलाम काका. @किक_खाल्लेला बाबांना बसलेली. आठवडाभर लंगडत होते, पण स्कूटरला काही बोलायचं नाही!

मीनल_
नुसतं टक् टक् होतं हो, सेल फिरतच नाही. २००४ ची कार, फक्त सकाळीच. बॅटरी बदलू का?

पाना_दहा_बारा
थांबा. हेडलाइट लावून चावी फिरवा. लाइट एकदम मंदावला तर बॅटरी नाहीतर टर्मिनल. जसाच्या तसा राहिला तर सेल्फकडे बघा. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुवा, इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी घट्ट करा. मग खर्च.

बागाईतदार_निफाड
शेकोटीवरून आठवलं, हुरडा सुरू झाला का कुणाकडे

सुमाकाकू
आमच्या भावाकडे पुढच्या रविवारी. दाण्याची चटणी मी नेणार आहे.

मीनल_
@पाना लाइट मंदावला. टर्मिनल धुतलं, लागली गाडी!! हुरड्याला कुठे यायचं?