आईच्या डिमेन्शियासाठी घरात सेन्सर, कोणाला अनुभव आहे का?
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही इंग्लंडला सरेमध्ये राहतो, आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. मागच्या महिन्यात ती रात्रभर येरझाऱ्या घालायला लागली, सारखी बाथरूमला, आम्हाला वाटलं आजारच वाढला पण निघालं युरिन इन्फेक्शन, बिचारीला सांगताच येत नव्हतं हो. मग वाचलं की इथल्याच सरे युनिव्हर्सिटीने एनएचएसबरोबर (इथली सरकारी आरोग्यसेवा) टीआयएचएम नावाचा प्रोजेक्ट केलेला, दारं, बेड, किटली सगळीकडे सेन्सर, मशीन लर्निंग रोजच्या सवयी शिकतं आणि काही बदललं की अलर्ट. पण आमच्या घरात पाच माणसं, बाथरूमला आई गेली का पोरं हे त्याला कळणार कसं? कोणी वापरलंय का असं काही, कॅमेरा नसलेलं? प्लीज सांगा.